चापाचं वजन

२०२४ साली कळंब तालुक्यातल्या शस्त्र परवानाधारकांना आपल्या हत्याराचा विचार दोनदा करावा लागला. कळंब राळेगाव विधानसभा मतदारसंघात येतं आणि राळेगाव यवतमाळ-वाशीम लोकसभेत. २६ एप्रिलला एक मतदान झालं, २० नोव्हेंबरला दुसरं. आचारसंहिता लागली की परवान्याच्या शस्त्रांची यादी निघते, छाननी समिती बसते आणि ज्यांना नोटीस येते ते आपली बंदूक, रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करून पावती घेतात. सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करायची नाहीत, प्रत्येक प्रकरण तपासायचं, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. तरी दर निवडणुकीला बरीच हत्यारं मालखान्यात जातातच. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, निकाल ४ जूनला आला. म्हणजे विदर्भाचा अख्खा उन्हाळा ती हत्यारं कपड्यात गुंडाळून बंद खोलीत पडून राहिली.

परत आलेलं हत्यार हातात घेतलं की एक तक्रार हमखास येते. चाप लय जड झाला भाऊ, बोटच दुखते. तो जड झालेला असतो हेही खरं. यवतमाळच्या मे महिन्यात पातळ तेलसुद्धा आतल्या आत आटतं, त्याचा चिकट थर बसतो, त्यावर धूळ बसते आणि जूनच्या दमट हवेत त्याचा राप होतो. पण मालकाला दिसतो तो फक्त जड चाप. मग मोबाईलवर शोधाशोध होते. अमेरिकेतला कोणीतरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर रिव्हॉल्व्हर उघडून बसलेला असतो. जुनी स्प्रिंग काढतो, नवी हलकी बसवतो, चाप दाबून दाखवतो. दहा मिनिटांचं काम. तिकडे अशा हलक्या स्प्रिंगांची पाकिटं दुकानात मिळतात, टपालाने घरीही येतात. बघणाऱ्याला वाटतं, एवढंच तर आहे.

एवढंच नाही. त्या स्प्रिंगवर काय काय टांगलेलं असतं ते त्या दहा मिनिटांत दिसत नाही. आपल्याकडे परवान्यावर रिव्हॉल्व्हर घेणारी माणसं वाढली, पण त्याच्या आतल्या यंत्राबद्दल मराठीत धड लिहिलेलं फारसं सापडत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिव्हॉल्व्हरचा चाप दोन रीतींनी चालतो. अंगठ्याने घोडा मागे ओढून अडकवून ठेवला तर चापाला एकच काम उरतं, तो घोडा सोडून देण्याचं. त्याला फार जोर लागत नाही. घोड्याला हात न लावता थेट चाप दाबला तर मात्र त्या एका ओढीत सगळंच करावं लागतं. सिलिंडर एक घर पुढे फिरवायचं, नळीच्या रेषेत आणून पक्कं अडकवायचं, घोडा मागे रेटायचा, त्यासाठी मुख्य स्प्रिंग दाबायची आणि शेवटच्या टोकाला घोडा सोडायचा. जुन्या सैनिकी रिव्हॉल्व्हरांत या ओढीला सहा किलोच्या आसपास जोर लागायचा, काहींत त्याहून जास्त. पाच लिटर पाण्याचा भरलेला कॅन तर्जनीच्या एका पेराने उचलून बघा. आणि हे ज्या हत्याराला स्थिर धरून करायचं त्याचं स्वतःचं वजन किलोभराच्या आसपासच असतं. बोट मागे खेचलं जातं आणि नळी खाली किंवा बाजूला झुकते. नवशिक्याची गोळी बहुतेक वेळा खाली का लागते, याचं मोठं कारण इथे आहे. त्यामुळे चाप हलका असावा ही इच्छा चुकीची नाही. नेमबाजीच्या जगात ती इच्छा फार जुनी आहे.

प्रश्न हलकेपणा कुठून काढायचा, हा आहे.

आपल्याकडच्या परवान्यांवर सर्वांत ओळखीचं रिव्हॉल्व्हर म्हणजे कानपूरचं .३२. सरकारी आयुध निर्माणीतलं, सहा गोळ्यांचं, वरून कडी काढून मोडून उघडायचं. त्याचं घराणं ब्रिटिश वेब्लीचं. २०१४च्या जानेवारीत कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने ‘निर्भीक’ आणलं, अर्ध्या किलोचं, महिलांसाठी म्हणून. किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये. २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीने २०२३मध्ये ‘प्रबल’ आणलं, त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. पण गावोगावच्या कपाटांत आहेत ती बहुतेक जुन्या घराण्यातली.

वेब्लीच्या मुठीची फळी काढली की आत इंग्रजी व्हीसारखी दुमडलेली पोलादी पट्टी दिसते. ही मुख्य स्प्रिंग. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ही घोड्याला ढकलायला आहे. तिचा एक पाय खरोखर घोड्याला जोडलेला असतो. पण दुसरा पाय एका छोट्या तरफेवर रेललेला असतो, आणि ती तरफ आणखी दोन कामं करते. दाबलेला चाप बोट सैल होताच पुढे आणून ठेवते. आणि आदळून झाल्यावर घोडा केसभर मागे घेते, म्हणजे त्याचं टोक काडतुसाच्या टोपीवर टेकून राहत नाही. एकाच पट्टीवर ही सगळी व्यवस्था उभी आहे. तिचा जोर कमी केला की चाप हलका होतो खरा, पण घोड्याचा ठोकाही हलका होतो, चाप परतायला आळस करतो आणि घोड्याची माघारही अर्धवट होऊ शकते. बोटाला यातलं फक्त पहिलं जाणवतं. बाकीचं जाणवायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो.

अमेरिकन धाटणीच्या रिव्हॉल्व्हरांत ही कामं दोन स्प्रिंगांत वाटलेली असतात. मुठीतली स्प्रिंग घोड्यासाठी, आणि चापामागची छोटी गुंडाळी चाप परत आणण्यासाठी. तिथे एकच बदलून भागेल असं वाटतं. पण स्मिथ अँड वेसनच्या रचनेत ती छोटी गुंडाळी ज्या सरकत्या ठोकळ्याला ढकलते, तोच ठोकळा घोड्याला मागे उचलून अडवून धरतो. म्हणजे तिथेही चापाचा हलकेपणा आणि घोड्याची आडकाठी एकमेकांत गुंतलेले आहेत.

काही जण नवी स्प्रिंग मागवत नाहीत, आहे तीच कमी करतात. गुंडाळीची दोन वेढी कापायची, किंवा पट्टी कानशीने घासायची. वेढी कापली की स्प्रिंग आखूड होते, पण उरलेली स्प्रिंग आधीपेक्षा ताठ होते, कारण तेवढंच दबणं आता कमी वेढ्यांनी सोसायचं असतं. सुरुवातीला हलका लागणारा चाप ओढीच्या शेवटी अचानक जड होतो, आणि नेमका त्याच टोकाला नेम हलतो. पट्टीची गोष्ट आणखी नाजूक. पोलादाच्या पट्टीवर आडवा ओरखडा पडला की प्रत्येक दाबणीला ताण तिथे गोळा होतो. महिनाभर काही होत नाही, वर्षभरही होत नाही, आणि एक दिवस पट्टी त्या ओरखड्यावर काडकन तुटते. पट्टी तुटली की रिव्हॉल्व्हर म्हणजे लोखंडाचा तुकडा.

या विषयावर मला सर्वांत बोलका वाटलेला इतिहास ब्रिटिश सैन्याचा आहे. ज्या .३८ रिव्हॉल्व्हरांनी पुढे आपल्याकडच्या फौजदारांच्या कमरेला कित्येक दशकं काढली, त्या एनफील्ड नंबर २चा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांकडे .४५५ची अवजड वेब्ली होती. थोड्या प्रशिक्षणात जवानांना ती आवरत नव्हती, म्हणून हलकं .३८ आणलं गेलं. त्याची थेट ओढ तेरा ते पंधरा पौंड, म्हणजे सहा-सात किलो. १९३८मध्ये त्यात बदल झाला. रणगाड्यातल्या जवानांच्या कपड्यांत, दारात घोड्याचं शेपूट अडकायचं, म्हणून ते शेपूटच उडवलं. आता अंगठ्याने घोडा ओढायची सोय राहिली नाही, दर वेळी थेट ओढच. म्हणून मुख्य स्प्रिंग सौम्य केली आणि ओढ अकरा ते तेरा पौंडांवर आणली. एवढी मोठी सरकारी यंत्रणा, कारखाना, चाचण्या, हजारो गोळ्या झाडून बघण्याची सोय, आणि तिने काढले ते साधारण दोन पौंड. त्याखाली ती गेली नाही. युद्धात हाती येईल त्या काडतुसाची टोपी फुटायलाच हवी होती.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. १९४२मध्ये युद्धाच्या घाईत उत्पादन वेगाने व्हावं म्हणून त्याच रिव्हॉल्व्हरमधला एक बारकासा भाग वगळला गेला. घोडा पुढे जाऊ नये म्हणून त्याच्या वाटेत आड येणारा अडसर. चाप दाबल्याशिवाय घोडा टोपीपर्यंत पोहोचू नये एवढंच त्याचं काम. तो काढल्यावर हत्यार तसंच चालत होतं, नेमही तसाच लागत होता. फरक एवढाच की हातातून निसटून घोड्याच्या बाजूवर पडलं तर गोळी सुटू शकत होती. युद्ध संपल्यावर यातली बहुतेक सगळी हत्यारं परत मागवून तो अडसर पुन्हा बसवावा लागला. त्याच सुमारास अमेरिकन नौदलात जहाजाच्या डेकवर पडलेल्या स्मिथ अँड वेसनमधून गोळी सुटून एक खलाशी गेला, आणि कंपनीला घोड्याच्या अडसराची रचनाच बदलावी लागली. दोन्हीकडे आतला एक छोटा भाग आणि त्यामागची एक स्प्रिंग, एवढाच मामला.

आपल्याकडे हे समजायला इतक्या लांब जायला नको. १ ऑक्टोबर २०२४ला पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होता. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, जमिनीवर पडलं आणि गोळी त्याच्या डाव्या पायात घुसली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली, काही दिवसांनी तो घरी परतला. चाप कोणी दाबलेला नव्हता. त्यानंतर महिनाभरात महाराष्ट्रातल्या प्रत्येक परवानाधारकाने घरी जाऊन आपलं रिव्हॉल्व्हर एकदा उघडून पाहिलं असेल. बघायला हवंच होतं. जुन्या लोकांची एक शिस्त होती. घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, सहाच्या जागी पाचच काडतुसं भरायची. आज ती कोणी सांगत नाही, कारण नव्या रचनेत अडसर असतो असं गृहीत धरलेलं असतं. अडसर असतोही. पण तो वेळेवर आड येण्यासाठी चाप पूर्ण परतलेला असावा लागतो, आणि चाप परत आणते ती स्प्रिंगच.

आता काडतुसाकडे येऊ, कारण घरच्या घरी स्प्रिंग बदलणारा काडतुसाचा विचार सहसा करत नाही. काडतुसाच्या बुडाशी मधोमध पितळी टोपी असते, तिच्यात चिमूटभर स्फोटक. घोड्याच्या टोकाने ती ठरावीक जोराने चेपली गेली तरच ठिणगी पडते. ठोका कमी पडला तर टोपीवर उथळ खळगा उमटतो आणि नुसतं ‘खट्’ होतं. कळंबसारख्या ठिकाणी परवानाधारकाकडची काडतुसं किती जुनी असतात याचा विचार करा. वर्षाला मोजकीच घ्यायची मुभा, दुकान लांब, किंमत चढी, सरावाला रेंज नाही. त्यामुळे एकदा घेतलेली गोळी आठ-दहा वर्षं डब्यात राहते. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेल्या काडतुसाच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरं असतात. ती बघायची आणि वर्ष बघायचं, ही सवय चांगली. उन्हाळ्याची भट्टी आणि पावसाळ्याची ओल यांत दहा वर्षं काढलेल्या काडतुसाला नव्याइतकाच, खरं तर जरा जास्तच, खणखणीत ठोका लागतो. आणि आपण तो ठोकाच कमी करायला निघालेलो असतो.

यातली विसंगती मला अस्वस्थ करते. हा माणूस रिव्हॉल्व्हर घेतो ते जिवाच्या भीतीने. कोणाच्या जमिनीचा तंटा असतो, कोणी कापसाच्या खरेदीची रोकड घेऊन रात्री यवतमाळ रस्त्याने येतो, कोणी राजकारणात असतो. आयुष्यात एकदा ते चालवायची वेळ येईल की नाही सांगता येत नाही. पण आली तर पहिली गोळी सुटायलाच हवी. कागदाच्या लक्ष्यावर सराव करणाऱ्याची एखादी गोळी फुसकी गेली तर तो पुन्हा चाप दाबतो, बिघडत काही नाही. या माणसाला ती सोय नाही. चापाचं वजन हीच त्याची हमी असते.

दुसरी बाजू त्याच्या हाताची आहे. घाबरलेल्या माणसाच्या बोटाला हलका चाप कळत नाही. कोलोरॅडो विद्यापीठातले शरीरक्रियातज्ज्ञ रॉजर एनोका यांनी २००३मध्ये यावर लिहिलं आहे. इच्छा नसताना चाप दाबला जाण्याची तीन कारणं त्यांनी मांडली. एका हाताने काही घट्ट पकडलं की दुसरा हातही आपोआप आवळला जातो. तोल गेला की बोटं मिटतात. अचानक दचकलं तरी मिटतात. अंधारात जिना उतरताना एका हाताने कठडा धरलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याचं बोट चापावर असेल आणि चाप दीड किलोचा असेल, तर गोळी सुटल्यावरच त्याला कळेल. म्हणून प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवतात की झाडायचं ठरेपर्यंत बोट चापाच्या कड्याबाहेर, सरळ. ही शिस्त अंगात मुरलेल्याने हलक्या चापाची भाषा करावी.

उलट टोकही सांगायला हवं, कारण जड चाप म्हणजे आपोआप सुरक्षित, असंही नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी आपल्या पिस्तुलांत मुद्दाम जड स्प्रिंग बसवून घेतल्या होत्या. कारखान्यातून साडेपाच पौंडांचा निघणारा चाप त्यांनी बारा पौंडांच्या घरात नेला, अपघाती गोळी सुटू नये म्हणून. २४ ऑगस्ट २०१२ला एम्पायर स्टेट इमारतीसमोर एका खुन्याशी चकमक झाली. दोन पोलिसांनी सोळा गोळ्या झाडल्या. रस्त्यावरचे नऊ लोक पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाले. तेव्हा त्या बारा पौंडांवर जोरदार चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. एवढ्या जड चापाने नेम हलतो. म्हणजे चापाच्या वजनाला खालची मर्यादा आहे तशी वरचीही आहे. ती ठरवायला हजारो गोळ्यांचा अनुभव लागतो. एका व्हिडिओवर ती ठरत नाही.

आपल्या राज्यात चाप ग्रॅममध्ये तोलणारी माणसं आहेत. कोल्हापूरची राही सरनोबत. २०१३मध्ये चांगवानच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलात तिने सुवर्ण मिळवलं, आणि २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्याच प्रकारात सुवर्ण जिंकून ती नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. तिच्या प्रकारात चाप किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो, दहा मीटर एअर पिस्तुलात किमान ५०० ग्रॅमचा. तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे यांच्या ५० मीटर रायफलला किमान वजनाची अट नाही, तिथे चाप नुसत्या स्पर्शाने सुटावा इतका हलका ठेवता येतो. पण तो कुठे? जिथे नळी सतत लक्ष्याच्या दिशेने असते, काडतूस हुकुमाशिवाय भरता येत नाही, आणि सामन्यापूर्वी हत्यार तपासणीच्या टेबलावर ठेवावं लागतं.

ती तपासणी बघण्यासारखी असते. पिस्तुलाची नळी उभी, आभाळाकडे धरायची. चापाच्या मधोमध वजनाचा आकडा अडकवायचा. टेबलावरचं वजन सरळ वर उचलायचं. घोडा न सुटता वजन उचललं गेलं तर पास. तीन संधी मिळतात. सामना झाल्यावरही चिठ्ठी काढून काहींची पिस्तुलं पुन्हा तोलतात, आणि त्यात कमी भरलं तर खेळाडू बाद. म्हणून जाणकार खेळाडू हजारावर पाच-दहा ग्रॅम जास्तच ठेवतो. जगातली सर्वांत तरबेज बोटं असलेल्या लोकांवर हा पहारा आहे. जाता जाता एक नोंद. या खेळातल्या सेंटर फायर प्रकारात अनेक नामांकित युरोपीय पिस्तुलं जे काडतूस वापरतात ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, १८९६चं. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जातं तेच. म्हणजे कळंबच्या कपाटातलं काडतूस मुळात नेमाचंच आहे. कमी पडतो तो सराव.

आणि कायदा. घरी स्प्रिंग बदलण्याचा विचार करणाऱ्या बहुतेकांना वाटतं, हत्यार माझं, परवाना माझा, मग आत काय करतो ते मी बघेन. हत्यार कायद्यात तसं लिहिलेलं नाही. १८७८चा लॉर्ड लिटनचा कायदा हिंदी माणसाच्या हाती हत्यार नको म्हणून आला होता. स्वातंत्र्यानंतर १९५९मध्ये तो बदलला, नागरिकाला परवान्याने शस्त्र मिळू लागलं. त्या परवान्याने शस्त्र घेता येतं, बाळगता येतं. शस्त्राची दुरुस्ती आणि त्यात फेरबदल ही वेगळी गोष्ट धरली आहे, आणि कलम ५नुसार तिला वेगळा परवाना लागतो. शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. त्यामुळे परदेशातून टपालाने मागवलेली स्प्रिंग म्हणजे कायद्याच्या नजरेत शस्त्राचा भाग, आणि आयातीसाठी कलम १० उभं राहतं. १४ डिसेंबर २०१९पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम ५ मोडण्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप केली. ती गावठी कट्टे बनवणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून केली, हे उघड आहे. पण कलमाच्या शब्दांत घरगुती कामाला वेगळी सूट दिलेली नाही. स्प्रिंगसाठी कोणी एवढ्या टोकाला जाईल असं मी म्हणत नाही. पण उद्या त्या रिव्हॉल्व्हरमधून चुकून गोळी सुटली, कोणी जखमी झालं, हत्यार न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेलं आणि आत कापलेली स्प्रिंग निघाली, तर अपघात हा अपघात राहत नाही. परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा असतो, तो जातोच.

इथल्या बंदुकीच्या गरजेबद्दलही बोललं पाहिजे. कळंब, राळेगाव, बाभूळगाव या पट्ट्यात शेतकऱ्याचं खरं भांडण माणसाशी कमी आणि रानडुकराशी, रोह्यांशी जास्त आहे. तूर शेंगेवर आली, सोयाबीन भरलं की रात्ररात्र मचाणावर जागावं लागतं. २ नोव्हेंबर २०१८ला राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ माणसांवर हल्ले केल्याचा ठपका असलेली अवनी वाघीण गोळीने मेली. त्याआधीची दोन वर्षं इथली माणसं शेतात जायला घाबरत होती, हे तिच्या मृत्यूवरच्या शहरातल्या वादात मागे पडलं. पीक राखणाऱ्याला रिव्हॉल्व्हर कामाचं नाही. त्याला लागते तारेच्या कुंपणाची मदत, वेळेवर नुकसानभरपाई, आणि परवानगी असेल तिथे बारा बोअरची बंदूक. रिव्हॉल्व्हरसाठी लाखभर रुपये आणि कलेक्टर कचेरीच्या खेपा खर्च करणारा वर्ग वेगळा. त्यांनी निदान त्या लाखाचं यंत्र नीट राखावं.

राखायचं म्हणजे काय करायचं? चाप जड लागतो तेव्हा स्प्रिंगवर शंका घेण्याआधी घर्षणाकडे बघावं. मालखान्यातून आलेलं हत्यार आधी रिकामं आहे याची खात्री करायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत. मग सिलिंडर, नळी, घोड्याच्या फटी, बाहेरून पोहोचता येईल तेवढं सगळं कोरड्या ब्रशने आणि साफ करायच्या द्रवाने धुऊन काढायचं, पुसायचं आणि हत्याराचं पातळ तेल अगदी थेंबभर. घरातलं खाद्यतेल ओतू नये, आपल्या उन्हाळ्यात त्याचाच डिंक होतो. बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. त्यानंतर रिकाम्या हत्याराने, आत खोटी काडतुसं घालून, भिंतीवरच्या ठिपक्यावर रोज थोडा वेळ नुसता चाप ओढायचा. घाई न करता, एका सलग गतीने, नळीच्या टोकावरची माशी ठिपक्यावरून न हलवता. काही आठवड्यांनी तोच चाप हलका लागायला लागतो. आतले घासणारे भाग थोडे गुळगुळीत होतात आणि बोट तर फारच तयार होतं.

एवढं करूनही चाप अडखळत असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाला गाठावा, मग तो यवतमाळला मिळो की नागपूरला. चांगला कारागीर आल्या आल्या स्प्रिंगला हात लावत नाही. आधी काट्याने चाप तोलतो, घोडा ओढून आणि न ओढता, दोन्ही. आकडा लिहून ठेवतो. आतले घासणारे पृष्ठभाग बघतो, लागलं तर तेवढेच दगडावर घासतो, कोन न बदलता. स्प्रिंग बदलायचीच झाली तर कारखान्याच्या मापाची घालतो, आणि नंतर सहाही घरांतून काडतुसं झाडून टोप्यांवरचे खळगे एकेक करून बघतो. सहाही खळगे सारखे खोल असायला हवेत. मग रिकाम्या हत्याराचा चाप अगदी हळू सोडून तो पूर्ण पुढे येतो का ते पाहतो, आणि घोड्याच्या पाठीवर लाकडी मुठीने हलके ठोके देऊन अडसर धरतो की नाही ते बघतो. शेवटी चाप पुन्हा तोलतो, दुसरा आकडा पहिल्याखाली लिहितो, आणि पावतीवर हत्याराचा नंबर घालून सही करतो. ती पावती परवान्याच्या पुस्तकात ठेवायची.